लिंकन पार्कच्या गवताखाली काय आहे? शिकागोच्या जुन्या सिटी सिमेटरीची हकिगत

प्रश्न थोडक्यात असा होता: मुलगा लिंकन पार्कच्या दक्षिण टोकाच्या मैदानावर बेसबॉल खेळायला जातो, तिथे एका पालकाने सांगितलं की खाली स्मशान आहे. हे खरं आहे का? असेल तर प्रेतं हलवली का नाहीत? आणि हिस्टरी म्युझियमच्या मागे कुंपणात एकटीच उभी असलेली ती दगडी खोली कसली?

खरं आहे. त्या पालकाने सांगितलं त्याहून थोडं जास्तच खरं आहे. माझं काम माती तपासणीचं. पाया खणण्याआधी बोअर मारायचं, वर आलेला नमुना पाहायचा आणि खाली काय आहे ते इमारत बांधणाऱ्याला सांगायचं. नॉर्थ अव्हेन्यू आणि क्लार्क स्ट्रीटच्या आसपासचं काम आलं की आमच्या धंद्यातला कुणीही आधी जुना नकाशा उघडतो, यंत्र नंतर बाहेर काढतो. कारण ‘दफनभूमी हलवली’ असं कागदावर लिहिलेलं असलं तरी जमिनीने ते ऐकलेलंच असतं असं नाही.

शिकागो १८३७ साली शहर झालं. त्याआधी, १८३५ मध्येच, गावाने मेलेल्यांसाठी दोन जागा काढून ठेवल्या होत्या, दक्षिणेला १६ एकर आणि उत्तरेला १० एकर. दोन्ही मिशिगन तळ्याकाठी, दोन्ही तेव्हा गावाबाहेर. पण हे गाव कुणाचा अंदाज चालू देत नव्हतं. १८४० मध्ये वस्ती ४,४७०, दहा वर्षांत तीस हजारांच्या घरात, १८६० मध्ये एक लाखाच्या वर आणि १८७० मध्ये जवळजवळ तीन लाख. ‘गावाबाहेर’ म्हणून निवडलेली जागा पाच-सात वर्षांत गावात यायची. मग १८४३ मध्ये शहराने नॉर्थ अव्हेन्यूच्या पलीकडे, म्हणजे तेव्हाच्या हद्दीबाहेर, मिशिगन तळ्याच्या काठी नवी सार्वजनिक दफनभूमी उघडली. हीच सिटी सिमेटरी. पश्चिमेला आजचा क्लार्क स्ट्रीट, पूर्वेला तळं. तळं तेव्हा आजच्यापेक्षा बरंच आत होतं, लेक शोर ड्राइव्हचा पट्टा नंतरच्या भरावावरचा आहे. ज्यूंनी १८४६ मध्ये याच आवारात स्वतःसाठी तुकडा विकत घेतला, आणि कॅथलिकांची वेगळी दफनभूमी लगेच दक्षिणेला, नॉर्थ अव्हेन्यूच्या अलीकडे होती. आज तिथे गोल्ड कोस्टची महागडी घरं आहेत.

आता मातीकडे येतो, कारण पुढची सगळी गोष्ट तिच्यामुळे घडली. तळ्याकाठचा हा पट्टा म्हणजे जुनी किनाऱ्याची वाळू. खणायला सोपी, म्हणून कबरींना बरी वाटते. पण पाण्याची पातळी फार वर असते. थोडं खोल गेलं की खड्ड्यात पाणी झिरपायला लागतं आणि कडा आत ढासळतात. अशा जागी लाकडी पेटी कधी ओली, कधी कोरडी होत राहते, आणि लाकूड कुजवायचं तर याहून चांगला उपाय नाही. काही वर्षांत राहतात ते खिळे, कड्या आणि वाळूत उमटलेला एक काळपट लांबट चौकोन.

१८४९ आणि १८५४ मध्ये पटकीच्या मोठ्या साथी आल्या. दफनभूमीचा एक भाग बेवारस आणि गरिबांसाठी होता. तिथे पटकीने गेलेली माणसं घाईने पुरली गेली, वर फार तर एखादी लाकडी पाटी. तुमचा मुलगा खेळतो ती मैदानं साधारण याच भागावर आहेत.

दफनभूमी बंद करा असा धोशा ज्याने लावला तो माणूस डॉक्टर होता, जॉन रॉच. १८५८ मध्ये त्याने शिकागो हिस्टॉरिकल सोसायटीपुढे निबंध वाचला की भर वस्तीत पुरणं म्हणजे रोगाला आमंत्रण. त्याचं शास्त्र त्या काळचं, सडणाऱ्या गोष्टींतून निघणारी दूषित हवा रोग पसरवते यावर भर देणारं. पण पाण्याबद्दलची भीती रास्त होती. शहर पिण्याचं पाणी त्याच तळ्यातून घेत होतं आणि त्याच्या काठच्या वाळूत हजारो प्रेतं होती. खरं तर शहराचं सांडपाणी तळ्याला कबरींपेक्षा कितीतरी पटींनी जास्त घाण करत होतं, आणि १८६७ मध्ये दोन मैल आतून पाणी आणणारा बोगदा सुरू झाला तो त्यामुळेच. पण लोकांच्या डोळ्यांना कबरी दिसतात, गटार दिसत नाही. रॉचला कबरींच्या जागी झाडं हवी होती. सार्वजनिक उद्यानांचा तब्येतीवर काय परिणाम होतो यावर त्याने पुढे १८६९ मध्ये स्वतंत्र पुस्तिकाच काढली.

१८५९ मध्ये शहराने नवे प्लॉट विकणं थांबवलं. पुढच्या वर्षी उत्तरेकडचा न वापरलेला साठ एकरांचा तुकडा बागेसाठी राखून ठेवला. लिंकनचा खून झाल्यावर, जून १८६५ मध्ये, त्या बागेला लिंकन पार्क हे नाव मिळालं. म्हणजे काही वर्षं एकाच जमिनीच्या उत्तरेला बाग आणि दक्षिणेला दफनभूमी असा संसार चालला होता.

त्यात जमिनीचा वादही होता. १८५० मध्ये शहराने जेकब मिलिमन नावाच्या मृताच्या इस्टेटीतून बारा एकर घेऊन दफनभूमीला जोडले होते. व्यवहार नीट झाला नव्हता म्हणून वारस कोर्टात गेले आणि १८६०च्या दशकात जिंकले. आपल्याकडे सातबाऱ्यावर नाव चढवायचं राहून जातं आणि वीस वर्षांनी पुतणे उभे राहतात, तसलाच प्रकार. फरक एवढाच की इथे जमिनीत माणसं पुरलेली होती आणि ती आता शहराला काढून द्यायची होती.

मग माणसं हलवायची कशी आणि कुठे? तोवर शहराबाहेर खाजगी, बागेसारख्या दफनभूम्या उघडल्या होत्या: दक्षिणेला ओक वूड्स, उत्तरेला रोझहिल (१८५९) आणि ग्रेसलँड (१८६०). कॅथलिकांसाठी इव्हॅन्स्टनला कॅल्व्हरी. वळणदार रस्ते, झाडं, तळी, कुटुंबाचा राखीव प्लॉट. बॉस्टनजवळ १८३१ मध्ये माउंट ऑबर्नने ही पद्धत सुरू केली आणि अमेरिकेतल्या शहरांनी ती उचलली. मराठी वाचकाला या जातीची एक दफनभूमी नावाने तरी ठाऊक असते. आनंदीबाई जोशी १८८७ मध्ये पुण्यात वारल्या, त्यांच्या अस्थी न्यूयॉर्क राज्यात, त्यांच्या अमेरिकेतल्या यजमान कार्पेंटर कुटुंबाच्या प्लॉटमध्ये ठेवल्या आहेत, ती पोकिप्सी रूरल सिमेटरी याच घराण्यातली.

सिटी सिमेटरीत ज्यांचा विकत घेतलेला प्लॉट होता त्यांना बदल्यात नव्या जागी प्लॉट देऊ केला गेला. नातेवाईक यायचे, कबर दाखवायचे, माणूस तिकडे जायचा. ज्यांच्याकडे पावती होती, दगडावर नाव होतं आणि गावात कुणी उरलं होतं, त्यांचं काम झालं. पण शिकागो हे येऊन-जाऊन राहणाऱ्यांचं शहर. आयर्लंड-जर्मनीहून आलेला माणूस दोन वर्षं राहायचा, बायको किंवा पोर गमावायचा आणि पुढे पश्चिमेला निघून जायचा. त्याच्या माणसाची कबर दाखवायला कोण येणार? आणि बेवारस भागात तर दाखवणाराच नव्हता.

बेवारस भागातून सरकारी हुकमाने घाऊक हलवले गेले ते फक्त युद्धकैदी. यादवी युद्धात शहराच्या दक्षिणेला कॅम्प डग्लस ही कैदी छावणी होती. तिथे दक्षिणेकडच्या फौजेचे चार हजारांहून अधिक कैदी देवी, आमांश आणि थंडीने गेले आणि त्यांतले बरेचसे सिटी सिमेटरीच्या याच पाणथळ कोपऱ्यात पुरले गेले. युद्ध संपल्यावर त्यांना ओक वूड्सला नेऊन मोठ्या सामूहिक कबरीत ठेवलं. तिथे १८९५ मध्ये खांब उभारला, पुढे ब्राँझच्या पाट्यांवर ४,२७५ नावं कोरली. सगळेच कैदी निघाले का, याबद्दल मला माती ओळखणारा माणूस म्हणून शंका आहे. ओल्या वाळूतल्या कुजक्या पेट्या, वर पुसट पाट्या आणि मोजणीवर काम करणारे मजूर. अशा कामात आकडा जुळतो, माणसं जुळतातच असं नाही.

इथे एक गोष्ट सविस्तर सांगतो, कारण ‘हलवली की नाही’ या प्रश्नाचं उत्तर हो किंवा नाही असं नसतंच. एकोणिसाव्या शतकात कबर उकरताना फावड्याने पेटीपर्यंत जायचं. पेटी शाबूत असेल तर दोर लावून अख्खी वर. ती कुजली असेल तर कवटी, मांडीची आणि हातांची लांब हाडं गोळा करून लहान खोक्यात. बोटांची हाडं, बरगड्यांचे तुकडे, दात, लहान मुलांची जवळजवळ सगळीच हाडं मागे राहायची, कारण काळपट वाळूत कंदिलाच्या उजेडात ती दिसतच नाहीत. म्हणजे नोंदवहीत ‘अमक्याला ग्रेसलँडला नेलं’ असं लिहिलेलं असतं तेव्हाही अमका थोडा इथे आणि थोडा तिथे असतो.

हे काम चालू असतानाच ऑक्टोबर १८७१ची आग लागली. ८ तारखेच्या रात्री दक्षिण-पश्चिमेला पेटलेली आग नदी ओलांडून दुसऱ्या दिवशी उत्तर भागात आली. समोर आग, मागे तळं, मध्ये ही दफनभूमी. हजारो लोक गाठोडी, गाद्या, पोरंबाळं घेऊन कबरींमध्ये येऊन बसले. काही जण उकरून रिकाम्या केलेल्या खड्ड्यांत शिरले, काही जण गळ्याएवढ्या पाण्यात उभे राहिले. तिथेही ठिणग्या पोचल्या. लाकडी पाट्या, कुंपणं, झाडं जळाली, संगमरवराचे दगड तडकले. एक लाखाच्या आसपास माणसं बेघर झालेल्या त्या शहरात जळक्या पाट्यांचा विचार कोण करणार? त्यातच दफनाच्या नोंदी जळाल्या, आणि गावातलं कोर्टाचं दप्तर खाक झाल्यामुळे जमिनीचे व्यवहारही गेले. खालचा माणूस कोण हे सांगणारी वरची पाटी आणि पाटी नसली तरी सांगू शकणारी वही, दोन्ही एका आठवड्यात नाहीशी झाली. माझ्या मते या दफनभूमीचा निकाल कोर्टात किंवा महापालिकेत लागला नाही, तो इथे लागला.

त्यानंतरचं आटोपतं घेतो. १८६९ मध्ये स्थापन झालेल्या पार्क कमिशनने उरलेले प्लॉट ताब्यात घेतले, ज्यांच्यावर कुणी हक्क सांगितला ते हलवले, बाकीच्यांवर भराव आणि गवत आलं. १८९३ मध्ये विवेकानंद इथल्या डिअरबॉर्न अव्हेन्यूवर हेल कुटुंबाकडे राहिले तेव्हा चालण्याच्या अंतरावरचं हे पार्क लोकांच्या लेखी नुसतं छान पार्क होतं.

आता ती दगडी खोली. ती आयरा काउचची समाधी. काउच हा ट्रेमाँट हाउस या बड्या हॉटेलाचा मालक, १८५७ मध्ये क्यूबात वारला. कुटुंबाने १८५८ मध्ये शिकागोचा पहिला वास्तुविशारद जॉन व्हॅन ऑस्डेल याच्याकडून लॉकपोर्टच्या चुनखडीची ही समाधी बांधून घेतली, खर्च सात हजार डॉलर. ती हलवली का नाही याबद्दल सुप्रीम कोर्टापर्यंत गेलेल्या खटल्याची कथा गाइड लोक रंगवून सांगतात. मला ती पटत नाही. एवढे अवजड दगड सुटे करून दुसरीकडे पुन्हा उभे करायचा खर्च कमिशनलाही नको होता आणि कुटुंबालाही, एवढं कारण मला पुरतं. गंमत अशी की याच काउचचं हॉटेल १८६१ मध्ये जॅक लावून, आत पाहुणे राहत असताना, अख्खं वर उचललं होतं. गटारं घालण्यासाठी शिकागोने आपले रस्तेच उंच केले, त्या खटाटोपाचा तो भाग. हॉटेल १८७१च्या आगीत गेलं, समाधी राहिली.

तशीच दुसरी खूण क्लार्क आणि विस्कॉन्सिन स्ट्रीटच्या कोपऱ्यावर आहे, डेव्हिड केनिसन नावाच्या म्हाताऱ्याचा दगड. १८५२ मध्ये तो वारला तेव्हा त्याचं वय ११५ आणि तो १७७३च्या बॉस्टन टी पार्टीतला (ब्रिटिशांचा चहा बंदरात फेकून दिला त्या बंडातला) शेवटचा जिवंत साक्षीदार, असा त्याचाच दावा होता. नंतरच्या संशोधनात वय बरंच कमी निघालं, म्हणजे टी पार्टीच्या वेळी तो पोर होता. दगड १९०३ मध्ये बसवला. तोवर कबर कुठे होती हे सांगणाऱ्या खुणा जळून तीस वर्षं झाली होती, त्यामुळे दगडाखाली केनिसन असेल असं समजू नका.

जमीन अधूनमधून बोलते. १९६२ मध्ये लिंकन पार्क प्राणिसंग्रहालयात गोठा बांधायला खणलं तेव्हा पेटी आणि सांगाडा लागला. ती परत तिथेच पुरली आणि वर पायाचं काँक्रीट ओतलं. १९९८ मध्ये हिस्टॉरिकल सोसायटीच्या, म्हणजे आजच्या हिस्टरी म्युझियमच्या, पार्किंगसाठी खोदकाम झालं तेव्हा ८१ व्यक्तींचे अवशेष निघाले, बरेचसे अर्धवट. शिवाय एक फिस्क कंपनीची लोखंडी शवपेटी. ही पेटी १८४८ मध्ये पेटंट झाली, हवाबंद, अंगाच्या आकाराची, चेहऱ्यापाशी काचेची खिडकी. दूरगावी मेलेल्याला घरी आणायला श्रीमंत लोक ती वापरत. एवढी महागडी पेटी घेणाऱ्याच्या घरचे नंतर न्यायला आले नाहीत, म्हणजे फक्त गरीबच मागे राहिले असंही म्हणता येत नाही.

या सगळ्याचा नीट मागोवा घेण्याचं श्रेय नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातल्या पामेला बॅनोस यांना जातं. जुनी वर्तमानपत्रं, महापालिकेचे ठराव आणि नकाशे धुंडाळून त्यांनी असा अंदाज मांडला की सिटी सिमेटरीत पस्तीस हजारांच्या आसपास दफनं झाली असावीत आणि त्यांतले बारा हजारांपर्यंत अजून तिथेच असू शकतील. हा अंदाज आहे, मोजणी नाही. पण वाळूत जे दिसतं त्याच्याशी तो विसंगत नाही.

आपल्या मुंबईत त्याच सुमारास उलटा प्रकार झाला, हे सांगायचा मोह आवरत नाही. सोनापूरची स्मशानं शिवडीला न्यायचा सरकारचा बेत नाना शंकरशेटांनी हाणून पाडला, आणि शिवडीला मात्र १८६५ मध्ये आर्थर क्रॉफर्डने चांगली चालती वनस्पतीबाग घेऊन तिची ख्रिस्ती दफनभूमी केली. शिकागोने थडग्यांवर बाग केली, मुंबईने बागेत थडगी आणली.

आता मुलाच्या खेळाबद्दल. बिनधास्त खेळू द्या. पटकीचा जंतू दीडशे वर्षं मातीत टिकत नाही. प्रेत टिकवायला आर्सेनिक वापरायची पद्धत यादवी युद्धात पसरली, तोवर इथली बहुतेक दफनं होऊन गेली होती, आणि बेवारस भागात असला खर्च कोण करतंय? वरचा थर नंतरचा भराव आहे. चेंडू, बॅट, तंबूची मेख यांनी काही होत नाही. प्रश्न येतो तो पाइपलाइन, झाडाचा मोठा खड्डा किंवा पाया यांसाठी खोल गेल्यावर.

कधी हाड दिसलंच तर उचलून घरी आणू नका, मुलांनाही हात लावू देऊ नका. जागेवर ठेवून पोलिसांना कळवा, ते काउंटीच्या मेडिकल एक्झामिनरला, म्हणजे मृत्यूचं कारण तपासणाऱ्या सरकारी डॉक्टरला, बोलावतात. इलिनॉयमध्ये १९८९ पासून जुन्या, नोंद नसलेल्या कबरींसाठी स्वतंत्र कायदा आहे. सापडलेलं कळवायला ४८ तासांची मुदत असते, आणि परवान्याशिवाय उकरणं गुन्हा आहे. शंभर वर्षांहून जुनं निघालं तर प्रकरण राज्याच्या खात्याकडे जातं. कुत्र्याच्या हाडासाठी फोन केला तर कुणी हसत नाही. आमच्या कामांवर गाईचं, कोंबडीचं हाड निघालं तरी यंत्र थांबतं.

जे इथून गेले त्यांचं ठिकाण पाहायचं असेल तर साउथ साइडला ६७व्या रस्त्यावर ओक वूड्स आहे. कैद्यांचा टेकाडासारखा चौथरा आत गेल्यावर लांबूनच दिसतो. त्याच आवारात लिंचिंगविरुद्ध लढलेल्या पत्रकार आयडा बी. वेल्स आणि शहराचे पहिले कृष्णवर्णीय महापौर हॅरल्ड वॉशिंग्टन यांच्या कबरी आहेत. मुलाला खेळाची आवड आहे म्हणून सांगतो, ऑलिंपिक धावपटू जेसी ओवेन्सचीही तिथेच आहे, दफनभूमीतल्याच तळ्याच्या काठी.